कडी लावलेले रुपये

हायवेवरून उसाच्या ट्रॉल्या जायला लागल्या की आमच्या वारज्यात थंडी आली असं मी समजते. कपाटातले स्वेटर बाहेर निघायच्या आधी त्या येतात. पुलाखाली सिग्नलला ट्रॅक्टर थांबतो, ट्रॉलीतून दोन-चार ऊस रस्त्यावर घसरतात, आणि पाठीवर लॅपटॉपची बॅग लावलेला एखादा मुलगा इकडेतिकडे बघत त्यातला एक हळूच उचलतो. उचलल्यावर त्याचं काय करायचं हे त्याला कळत नाही, तो तसाच ऊस हातात धरून बाईकवर बसतो. मला हे दृश्य फार आवडतं.

मांजरी माझं आजोळ. लहानपणी थंडी म्हणजे मांजरी हे ठरलेलं होतं. सकाळी तोंडातून वाफ निघायची, पेटवलेल्या पाचटाचा धूर कालव्याच्या पाण्यावर रेंगाळायचा, आणि गुऱ्हाळावर गेलं की उकळत्या रसाचा तो जड, गोड, थोडा करपट वास केसांत जाऊन बसायचा. घरी परत आल्यावरही कितीतरी दिवस आई माझी वेणी घालताना केस हुंगायची. तेव्हा मला वाटायचं, माझे केस नीट धुतले गेलेत का ते ती बघते. ती तिचं माहेर हुंगत होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

पण आता ट्रॉल्या दिसल्या की मला गुऱ्हाळ आठवत नाही. आठवतो तो काही वर्षांपूर्वीचा एक हिवाळा. त्या हिवाळ्यात आईला तिच्या आईची माळ मिळाली, आणि त्या माळेची किंमत काढायला आम्ही दोघी मंडईत गेलो.

माळ चांदीच्या रुपयांची होती. राणीच्या आणि तिच्यामागून आलेल्या राजांच्या राज्यातले जाड, खणखणीत रुपये. प्रत्येकाच्या डोक्यावर सोनाराने डाख देऊन एकेक कडी बसवलेली, आणि कड्यांमधून काळा दोरा ओवलेला. आजीला मी पाहिलं नाही, आईच्या लग्नानंतर वर्षभरातच ती गेली. म्हशीचं दूध हडपसरला घालून ती पैसे साठवायची, आणि पुरेसे साठले की जुना चांदीचा रुपया विकत घेऊन त्याच सोनाराकडून कडी लावून आणायची. माळेची आईला आठवण एवढीच की ती आजीच्या मांडीवर झोपली की गालाला रुपये लागायचे. "हिवाळ्यात गार, उन्हाळ्यात बी गार," ती सांगायची.

आईची माळ लेकीला जाते, असं आमच्याकडे म्हणतात. ही गेली नाही. ती मामाच्या घरच्या ट्रंकेत राहिली. आईने एकदा दिवाळीत विचारलं तेव्हा मामी म्हणाली, "शोधते." त्यानंतर आईने विचारलं नाही आणि मामीने शोधलं नाही. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे वारज्याला राहायला आली, सत्तरी ओलांडली, आणि माळेचा विषय संपल्यात जमा झाला.

मग त्या डिसेंबरात मामाचा फोन आला. "आक्का, ऊस तोडणीला आलाय. रस प्यायला ये. पोरीला बी घिऊन ये." मामा आईपेक्षा लहान, तिला आक्का म्हणतो. आई फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत रस प्यायला असं खास बोलावणं आलं नव्हतं. मी शाळेत भूगोल शिकवते, नाताळची सुट्टी लागली होती. आम्ही गेलो.

अर्धा ऊस तोडून झाला होता. उरलेल्या उसाच्या पलीकडे, शेजारच्या रानात, निळे पत्रे लावून बिल्डरचं काम चाललेलं, आणि पत्र्यांच्या डोक्यावरून एक अर्धवट इमारत आत डोकावत होती. मामाच्या नव्या बंगल्यात सोफ्यावर बसवून आम्हाला रस दिला. आलं-लिंबू घातलेला, बर्फ न घातलेला. मामाला दोन मुलं, संतोष आणि त्याची धाकटी बहीण वैशाली. वैशाली तिच्या सासरी होती. संतोष समोर बसला होता आणि सारखा मोबाईल उलटा-सुलटा करत होता.

मामीने आईला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली. साडी, खण, नारळ, आणि नारळावर अलगद ठेवलेली ती माळ.

आईने माळ उचलली, गालाला लावली. खोलीत इतकी माणसं बसलीत हे तिच्या लक्षातच नव्हतं. मला वाटलं, आता रडेल. रडली नाही. तेवढ्यात संतोषने टीपॉयवर एक कागद ठेवला आणि त्यावर पेन.

"आत्या, ही साधी माळ नाही बरं का. ॲन्टिक आहे, ॲन्टिक. हे बघ." त्याने मोबाईल पुढे केला. बोटाबोटांत अंगठ्या घातलेला एक माणूस ओरडून सांगत होता की तुमच्या घरातला जुना रुपया तुम्हाला करोडपती करेल. "ह्यात तो डुकरावाला रुपया आहे. राजाच्या अंगरख्यावर हत्ती काढायचा होता, तो दिसला डुकरासारखा. लोक भडकले. सरकारने रुपये परत घेतले. आता एकेक दहा लाखाला जातो."

"बरं," आई म्हणाली.

"म्हणून पप्पा म्हणाले, जमिनीतला तुझा वाटा म्हणून ही माळच तुला देऊन टाकू. खरं तर तुझ्याकडे जास्तच जातंय. पण तू आत्या आहेस, आम्ही हिशोब बघत नाही. इथे फक्त एक सही लागेल."

वडिलांच्या जमिनीवरचा हक्क मी राजीखुशीने सोडला, असं त्या कागदावर लिहिलं होतं. मामाची जमीन घेणाऱ्या बिल्डरला सगळ्या वारसांच्या सह्या हव्या होत्या, एक जरी कमी असली तरी त्याचं काम अडत होतं. आमच्या भागात कितीतरी बहिणींनी एका साडीवर अशा सह्या करून दिल्या आहेत. आईला निदान साडीबरोबर राजाराणी मिळत होते.

आईने माळ गळ्यात घातली आणि पदर सारखा केला. "येवढी किंमत हाय, तर तूच ठेव की रं. मला जिमिनीतला कमी वाटा चालंल."

संतोष हसला. मग हसू आवरून म्हणाला, "तसं नसतं आत्या."

"मग कसं असतं?"

त्याने पेन पुढे सरकवलं तेवढ्यात आई उठली. "माळ घिऊन जाते. मोल करून आनते. मग बोलू."

"विश्वास नाही का आमच्यावर?"

"तू मोबाईलला इचारलंस. मी मानसाला इचारते."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. एक हात पदराखाली, माळेवर. मी म्हटलं, "आई, पर्समध्ये ठेवू का? बसमध्ये गर्दी आहे." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वारगेटपर्यंत माझीच पर्स घट्ट धरून बसले.

मंडईच्या मागच्या गल्लीत जुन्या नाण्यांचं एक दुकान आहे, हे आमच्या शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं होतं. अरुंद, एका वेळी दोनच गिऱ्हाइकं उभी राहतील एवढं. दुकान नसीमताईंच्या वडिलांचं, त्यांच्यानंतर त्याच तिथे बसतात. चाळिशीच्या, डोक्यावरून ओढणी, कपाळावर सरकवलेलं भिंग. आम्हाला पाहताच म्हणाल्या, "व्हिडिओ बघून आलात?"

"आम्ही नाही. मामेभावाने बघितलाय."

"वा. बसा. सकाळपासून इथे करोडपतींची रांगच आहे."

आईने माळ काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी काउंटरवर मऊ कापड पसरलं, त्यावर माळ ठेवली, आणि भिंग डोळ्यावर ओढलं. एकेक रुपया भिंगाखाली धरायचा, पुढून, मागून, कडेने. दगडी पाटीवर हलकेच आपटायचा आणि मान कलती करून आवाज ऐकायचा. बाहेर भाजीवाल्यांचा कल्ला चालला होता आणि त्यातून त्यांना एका रुपयाचा नाद ऐकू येत होता. मी वर्गात पोरांना चूप करता करता घसा फोडून घेते. मला त्या कानांचा हेवा वाटला.

"हा खोटा," एक रुपया बाजूला करत त्या म्हणाल्या. "ओतीव आहे. ऐका." त्यांनी आधी खरा वाजवला, मग खोटा. खरा बराच वेळ बोलत राहिला, खोटा ठक्क करून गप्प बसला. "बाकी सगळे खरे."

"आणि डुकराचा?" मी विचारलं.

"आहे ना. मामेभाऊ तेवढं खरं बोलले." त्यांनी दुसरं एक भिंग माझ्या हातात दिलं. राजाच्या छातीवर, अंगरख्याच्या नक्षीत, एक इवलंसं जनावर. सोंड आखूड, पोट फुगीर. मला तरी ते डुक्करच वाटलं. आई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "ह्यो व्हय दहा लाखाचा!" ती म्हणाली.

"दहा लाख कुणी कुणाला दिलेले मी पाहिले नाहीत," नसीमताई म्हणाल्या. "कोरा असता, कडी नसती, तर काही हजार मिळाले असते. पण ह्याला डाख लागलाय. एकदा डाख लागला की जमवणारे लोक हातात धरत नाहीत. शिवाय अंगावर वापरून झिजलाय. बघा, राजाचा कान गेला, मिशी गेली. वर्ष बघायचं, टांकसाळ बघायची, पण सगळ्यात आधी अवस्था बघायची. ह्या सगळ्यांची किंमत चांदीची. वजनावर. खोटा सोडून."

"कडी काढली तर?" आईने विचारलं.

"वण राहतो. जाणत्याला लगेच कळतो."

आईने एका कडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हंजी बाईच्या गळ्यात गेला, की रुपयाचा भाव गेला."

नसीमताईंनी भिंग कपाळावर ढकललं आणि आईकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "बाजारात, हो. बाजाराबाहेरचा भाव मी सांगत नाही." मग माळेचा दोरा सरळ करत म्हणाल्या, "अब्बांच्या वेळी अशा पुष्कळ माळा यायच्या. वितळवायला. बायका आणायच्या नाहीत, त्यांचे मुलगे आणायचे. अब्बा विचारायचे, आईला विचारलंत का? मग तो मुलगा पुढच्या दुकानात जायचा."

"हे समदं लिहून द्याल का?" आई म्हणाली.

"देते. शिक्क्यासकट. कोणी भांडायला आलं तर इकडे पाठवा. मला बरं वाटेल."

बाहेर आल्यावर मी रागाने धुमसत होते. संतोषने भर दिवसा, कुंकू लावून, आईला फसवायला काढलं होतं. आई मात्र मंडईत शिरली, ओल्या हरभऱ्याची जुडी घेतली, भाव केला, जुडीत एक काडी कमी आहे म्हणून भाजीवालीशी वाद घातला, आणि पायरीवर बसून घाटे सोलून खायला लागली. हसत होती.

"हसतेस काय?"

"बरं झालं बाई, स्वस्त निघाली." तिने एक दाणा माझ्या हातावर ठेवला. "म्हाग निघाली असती तर त्याला सही मागायला तोंड राहिलं असतं. आन् मला ती गळ्यात घालताना भ्या वाटलं असतं. आता दोन्ही नाय."

त्या पायरीवर बसून मला जे सुचलं ते मी आजवर कुणाला पटवू शकले नाही, तरी इथे लिहिते. जाणकार म्हणतात, कडी लावली की नाणं बिघडतं. बिघडत असेल. पण आजीच्या घरात सुटा रुपया राहिला असता का? बैलाला लागला असता, विहिरीला लागला असता, कुणाच्या तरी लग्नाला, कुणाच्या तरी दारूला. हात पुढे आला असता आणि तिने दिला असता. कडी लावलेला रुपया मात्र दागिना होतो. तो मागायला जीभ थोडी अडखळते. मला वाटतं, माझ्या आजीने तो जाणूनबुजून बिघडवला. घरातल्या पुरुषांच्या खिशात त्याला परत जाता येऊ नये म्हणून त्याच्या डोक्यात तिने चांदीचा खिळा मारला. नाणेशास्त्राच्या पुस्तकांत ह्याला दोष म्हणत असतील तर खुशाल म्हणोत. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांना म्हशीचं दूध हडपसरपर्यंत डोक्यावरून न्यावं लागलं नव्हतं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मामा आणि संतोष वारज्याला आले. दारातच मामाने तिळगूळ पुढे केला. "घे आक्का, गोड बोल."

"गोडच बोलते. बस."

तिने नसीमताईंचा कागद समोर ठेवला. संतोषने वाचला, पुन्हा वाचला. "ह्या बाईला काय कळतं? मार्केट रेट वेगळा असतो."

"मग तू जाऊन सांग तिला. पत्ता हाय त्यात," आई म्हणाली.

मग गोडवा ओसरला. संतोष बिल्डरच्या मुदतीबद्दल बोलला, खर्चाबद्दल बोलला, गावात काय तोंड दाखवायचं म्हणाला. "गाव राहिलंय कुठं आता?" आई म्हणाली. "समदे टावर झाले. टावरात कोन कुनाचं तोंड बघतंय?" शेवटी मामाने तो प्रश्न विचारला. आमच्याकडे बहिणींना हा प्रश्न शेवटचं हत्यार म्हणून विचारतात, आणि बहुतेक जणी इथेच पेन उचलतात.

"आक्का, खरं सांग. तुला भाऊ पायजे का जिमीन?"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी उठले नाही.

"दोन्ही पायजे," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुला नाय का दोन्ही मिळालं? बहीन बी मिळाली, जिमीन बी मिळाली. तुला कधी कुनी इचारलं का रं, बहीन पायजे का जिमीन?"

मी मामाकडे बघत होते. खोटं कशाला बोलू, त्याच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही. कुणीतरी खूप वर्षांनी लहानपणीच्या नावाने हाक मारल्यासारखा तो दिसत होता.

संतोष उठला. "मग माळ परत दे."

"माळ माझ्या आईची. ती वाट्यात धरायची नव्हतीच. ती उशिरा पोचली येवढंच. ती देत नाय."

तिळगुळाचा डबा टेबलावरच राहिला. चहा कुणी घेतला नाही.

ह्यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर वाचायला छान वाटेल, पण ते खोटं होईल. फोन बंद झाले. बिल्डरचा माणूस काजूकतली घेऊन आला. आईने त्याला चहा दिला, काजूकतली खाल्ली, सही दिली नाही. नातेवाईक मला लग्नाकार्यात बाजूला घेऊन सांगायचे, "आईला आवरायचं होतंस. ह्या वयात भाऊ तोडला." मी म्हणायचे, "भाऊ तिने तोडला नाही. तो रुसून बसलाय. मोठा माणूस आहे, उठेल." आजही विचारलं तर मी हेच सांगेन, आणि माफी मागणार नाही.

पण भाऊबीज कठीण गेली. आईने ताट तयार केलं, निरांजन लावलं, पाट मांडला आणि वाट बघत बसली. मामा आला नाही. शेजारच्या काकू सहज म्हणून गेल्या, "अहो, भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात. गॅलरीत या." आईने ताठ मानेने सांगितलं, "मला भाऊ हाय. मी चंद्राला कशाला ओवाळू?" आणि ती रिकाम्या पाटासमोर बसून राहिली, वात विझेपर्यंत. मी तिच्या शेजारी बसले. त्या वेळी तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. ती तसूभरही मागे हटली नाही, हे खरं. तिला दुखलं नाही, असं मात्र कुणी समजू नये.

तिच्या सहीशिवाय बिल्डरचं काम पुढे सरकेना, तेव्हा पुढच्या वर्षी मामा-संतोषने तिचा वाटा वेगळा करून दिला. पैशात नको, बांधलेल्या फ्लॅटमध्ये नको, मातीच पाहिजे, असं तिने सांगितलं होतं, आणि बिल्डरला नकाशा बदलावा लागला. कालव्याकडेचा तुकडा तिच्या नावावर झाला. त्यात आता ऊस आहे, रान वाट्याने कसायला दिलंय. मामाच्या उरलेल्या रानाला लागूनच तो आहे, त्यामुळे मामाला कधीमधी फोन करावाच लागतो. "आक्का, पाण्याची पाळी आपली बुधवारी हाय." "बरं." "तुझ्या मानसाला सांग, बांध फोडू नको." "सांगते. जेवलास का?" एवढंच बोलणं. भाऊबीजेला तो अजून येत नाही. आई ताट अजून करते.

मागच्या आठवड्यात, ट्रॉल्या सुरू झाल्या त्याच सुमाराला, दुपारी बेल वाजली. दारात वैशाली. संतोषची धाकटी बहीण, लग्नानंतर मी तिला फारशी पाहिलीच नव्हती. चपला काढताना तिने भिंतीला हात टेकवला.

"आत्या, राहिलेली जमीन पण बिल्डरला देतायत. दादाने माझ्या पुढे कागद ठेवलाय. म्हणाला, आत्यासारखं करू नकोस, बघ तिचं माहेर कसं तुटलं."

आई वाटाणे सोलत होती. "मग तू काय म्हनलीस?"

"म्हटलं, विचार करून सांगते. आणि इकडे आले." ती सोफ्याच्या कडेवर टेकली. "पप्पांसमोर मला बोलताच येत नाही गं. तू चल ना. तू सांग त्यांना."

आईने वाटाण्यांचं ताट खाली ठेवलं. "येते. पन मी नुसती शेजारी बसनार. बोलायचं तू. काय बोलनार, मला सांग आधी."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही. ती पुटपुटली, "मी सही करणार नाही."

"ऐकाय आलं नाय," आई म्हणाली.

"मी सही करणार नाही."

"अजून मोठ्यानं. तुझा बाप आता कमी ऐकतो."

वैशालीने डोळे मिटले, ओढणी मुठीत धरली, आणि अशी ओरडली की खालच्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या काकूंनी हातातली चादर तशीच धरून वर पाहिलं.